बंद पडलेली बीटल ट्रेलरवर घालून घरी आणायची आहे : तोंड पुढे की पाठ पुढे?

गंजमित्र

एक जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली आहे. घेतली म्हणजे व्यवहार झाला, गाडी अजून आधीच्या मालकांच्या शेडमध्येच आहे. बरीच वर्षं जागची हललेली नाही. चारही टायर बसलेत, मागचं डावं चाक जाम आहे, बॅटरी नाही, इंजिन फिरतं का ते कुणी पाहिलेलं नाही. किल्ली आहे, एवढं नशीब.

आणायची आहे भाड्याच्या ट्रेलरवर. ओढायला माझी रोजचीच गाडी. तिच्या पुस्तकात ब्रेक असलेला ट्रेलर १५०० किलोपर्यंत चालेल असं दिलंय. बीटल साधारण ८०० किलो, ट्रेलर ४५०, म्हणजे कागदावर तरी बसतं.

अडलंय ते चढवण्यावर. एक मित्र म्हणतो तोंड पुढे करून चढव, सगळे तसंच करतात. दुसरा म्हणतो बीटल आहे, पाठ पुढे. ज्यांनी अशी गाडी खरोखर आणली आहे त्यांनी सांगा. शिवाय सोबत काय काय न्यायचं तेही. शेडमध्ये वीज नाही, जमीन मातीची आहे आणि दारातून गाडीला दोन्ही बाजूंनी हातभरच जागा आहे.

स्पॅनरकाका

अभिनंदन आणि सांत्वन, दोन्ही एकदम.

पाठ पुढे. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. तोंड पुढे करून चढवलीत की ते सगळं ट्रेलरच्या शेपटाकडे जातं, हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) वर उचलली जाते आणि जरा वेग घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. झुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही. पण ती वेळच यायला नको.

आणि इंजिन फिरतं का ते तिथे बघत बसू नका. ते घरी.

हिशेबनीस

काकांशी सहमत, पण 'पाठ पुढे' हा नियम नव्हे. हिचवर किती भार येतो हा नियम, बाकी सगळं त्यातून निघतं.

बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.४ मीटर. ६० टक्के वजन मागे धरलं तर गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ०.९६ मीटर पुढे येतो. ट्रेलरच्या ॲक्सलपासून हिचपर्यंत ४ मीटर धरू (तुमच्या ट्रेलरचं माप घ्या, दोन ॲक्सल असतील तर दोन्हींच्या मधोमधून). गाडीमुळे हिचवर ६० किलो यायला हवे असतील तर गुरुत्वमध्य ट्रेलरच्या ॲक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे पाहिजे : ८०० गुणिले ०.३० भागिले ४. म्हणजे गाडी १० सेंटीमीटर इकडेतिकडे सरकली की हिचवर २० किलोंचा फरक. वीतभर अंतरात सगळं बिघडतं किंवा सुधारतं.

आता तोंड पुढे ठेवून हेच साधायचं तर पुढची चाकं ट्रेलरच्या ॲक्सलच्या १.७४ मीटर पुढे जातात, बंपर त्याच्याही अंदाजे पाऊण मीटर पुढे. बहुतेक ट्रेलरवर तिथे विंचचा (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा) खांब उभा असतो. पाठ पुढे ठेवली तर मागची चाकं १.२६ मीटर पुढे आणि पुढची १.१४ मीटर मागे, म्हणजे गाडी ट्रेलरच्या मधोमध छान बसते. लांब ट्रेलर मिळाला आणि खांब आड येत नसेल तर तोंड पुढे ठेवूनही चालेल, भौतिकशास्त्राला तोंड-पाठ कळत नाही.

किती भार हवा याबद्दल दोन आकडे वाचायला मिळतील. युरोपात एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, अमेरिकेत १० ते १५. तुमच्या गाडीच्या हिचवर कमाल भाराची पट्टी असते, ती ओलांडायची नाही. १२५० किलोला ७५ ते ८५ मला योग्य वाटतात.

वाचनमात्र

वाचतोय. फोटो टाका हो, फोटोशिवाय गंजाला मजा नाही.

चढउतार

बंद गाड्या उचलून आणणं हा माझा धंदाच आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

गणित मान्य. पण पाठ पुढे करून ओढताना शेडच्या दारात काय होतं ते ऐका. पुढे चालताना पुढची चाकं आपोआप सरळ येतात, कारण त्यांचा कोनच तसा दिलेला असतो. तीच गाडी उलटी ओढली की चाकं सरळ राहायचं सोडून एका बाजूला पूर्ण वळायला बघतात. स्टिअरिंग मोकळं ठेवलं तर गाडी तिरकी होणार आणि तुमच्या त्या हातभर जागेत मडगार्ड चौकटीला घासणार. चाकं सरळ करा, स्टिअरिंग पट्ट्याने सीटच्या पायाला घट्ट बांधा आणि वीत-वीत ओढा. दिशा चुकली तर थांबून, पट्टा सोडून, पुन्हा बांधून. विंच चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही, रॅम्पमध्ये तर अजिबातच नाही.

दुसरं, मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात. रॅम्प उभा असेल तर त्या आधी टेकतात. रॅम्पच्या तोंडाशी फळ्या टाकून चढ लांबवा. नळ्या काढता आल्या तर काढा, पण गंजलेल्या असतील तर त्या तुमच्या हातात येतील आणि सायलेन्सर तिथेच राहील.

तिसरं, दोर कुठे अडकवायचा. बंपरला नाही. बंपरच्या ब्रॅकेटलाही नाही, त्याच्यामागचा पत्रा बहुधा रंगानेच धरलेला असतो. दोन्ही मागच्या ॲक्सलना सारखा ताण येईल असा दुहेरी पट्टा घाला, ब्रेकचे पाइप आणि रबरी होज चेपणार नाहीत हे बघून. जॅक लावायचा झाला तर बाजूच्या जॅकच्या जागेवर लावू नका. ती जागा हीटर चॅनलला (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीला) जोडलेली असते, चॅनल कुजला असेल तर जॅक सरळ आत घुसतो. मागे टॉर्शन बारच्या (मागच्या स्प्रिंगदांड्याच्या) आडव्या नळीखाली, पुढे ॲक्सल बीमखाली, मध्ये जाड फळी.

विंच किती ताकदीचा? चाकं फिरत असतील तर १५ अंशांच्या चढावर ८०० किलोला ओढायला २०० किलोच्या आसपास जोर आणि बसलेल्या टायरांचा थोडा वरचा. चारही चाकं जाम असतील तर तोच जोर साडेसहाशे-सातशेवर जातो. हाताचा विंच कमी पडला तर एक कप्पी न्या, जोर निम्मा लागतो, दोर दुप्पट. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तारेचा असेल तर मध्यावर जुनं घोंगडं टाकायचं. हे वाचताना सगळे मान डोलावतात आणि तिथे गेल्यावर दोरावरून ओलांडून जातात.

दोरीवाला

एवढा खटाटोप कशाला? टायरमध्ये हवा भरायची, दोरी बांधायची, मागच्या गाडीत एकाने बसायचं, हळूहळू आणायची. आमच्याकडे असंच करतात.

स्पॅनरकाका

दोरीवाले, मागच्या गाडीला ब्रेक नाहीत, टायर पाहिजे तेव्हा फुटेल आणि एक चाक जाम आहे. बसणार कोण, तुम्ही?

निशा_वंगणवाली

गंजमित्र, जाम चाकाबद्दल. बहुतेक वेळा बेअरिंग वगैरे काही नसतं, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. आधी हँडब्रेक खरंच सुटलाय का बघा. बीटलमध्ये त्याच्या केबल फरशीच्या मधल्या बोगद्यातून (पोकळ उंचवट्यातून) मागे जातात आणि नळीतच गंजून अडकतात, दांडा खाली दिसतो पण केबल ताणलेलीच असते. दांड्याच्या बुडाशी ॲडजस्टरचे नट आहेत, ते पूर्ण सैल करा.

मग ब्रेकचे ॲडजस्टर. जुन्या पाच बोल्टांच्या ड्रमला ड्रमच्याच भोकातून स्क्रूड्रायव्हर जातो, नंतरच्या चार बोल्टांच्या गाड्यांना मागच्या प्लेटमधून. दातेरी चाक एक-एक दाता सैल करायचं. अडलं तर भेदक तेल आणि धीर. त्यानंतर ड्रमच्या कडेला चौफेर हातोडी, ठोकायची नाही, वाजवायची. चिकटलेला ड्रम बद्द वाजतो, सुटला की घंटेसारखा.

मागचा ड्रम काढायचा विचार तिथे करू नका. मधल्या ३६ च्या नटाला जवळपास ३०० न्यूटन-मीटरचा कस असतो, त्यावर गंज वेगळा.

हो, आणि मालकांकडून आधी चाकाचा फोटो मागवा. पाच बोल्ट दिसले तर बोल्टांचं वर्तुळ २०५ मिलिमीटरचं, चार दिसले तर १३०चं. कुणाकडून चालती चाकं उसनी नेणार असाल तर हे आधी कळलेलं बरं.

गंजमित्र

फोटो आला, चार बोल्ट आहेत. उसनी चाकं मिळतायत, निदान दोन.

चढउतार, पट्टे कसे बांधू? माझ्याकडे घरी सामानाचे पट्टे आहेत, पाकिटावर दोन टन लिहिलंय.

चढउतार

पाकिटावरचं सोडा, पट्ट्याला शिवलेली पट्टी वाचा. 'दोन टन' हा बहुधा तुटण्याचा आकडा असतो. कामाचा भार वेगळा छापलेला असतो आणि तो पुष्कळदा त्याच्या एक तृतीयांशच असतो. पट्टी फाटलेली, आकडे पुसलेले असतील तर तो पट्टा गवत बांधायला ठेवा.

चार पट्टे, चार कोपरे. टायरवरून जाणारे मिळाले तर तेच घ्या. बॉडीला बांधलेली गाडी स्प्रिंगवर खालीवर होते आणि पट्टे ढिले पडत जातात, टायरवरून बांधलं की चाक ट्रेलरला पक्कं आणि वरची गाडी हवं तेवढं हलू दे. यात एकच मेख आहे. टायरची हवा गेली की पट्टा सैल. जुन्या ट्यूबांवर विश्वास नको.

निघाल्यावर पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबायचंच. पट्टे ओढून बघा, ट्रेलरच्या चाकांचे नट बघा, हबवर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा ब्रेक.

टायरतारीख

ट्रेलर भाड्याचा आहे ना? टायरची झीज बघून फसू नका. भाड्याचा ट्रेलर धावतो कमी आणि उन्हात उभा जास्त, नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर दुसरा ट्रेलर मागा, लाजू नका.

दिवे, इंडिकेटर तिथल्या तिथे लावून बघा. आणि हिच बसली की जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या नाकाखालच्या छोट्या चाकाने) ट्रेलरचं नाक वर उचलून बघा : गाडीची पाठ सोबत वर आली पाहिजे. नुसतं नाक वर आलं तर गाडीच्या हिचचा गोळा नीट पकडलेला नाही.

हिशेबनीस

एक राहिलं. हिचवरचा भार मोजायला महागडं काही लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा आणि हिचच्या उंचीचा लाकडी ओंडका. सपाट जमिनीवर गाडी चढवलेल्या ट्रेलरचं नाक ओंडक्यावर टेकवा, ओंडका काट्यावर. काट्याची कमाल मर्यादा आधी बघा.

कागदीघोडा

गाडीच्या मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. चढवायच्या आधी तो कागदांशी ताडून पाहा. गाडी दारात आल्यावर नंबर जुळत नाही असं कळलं तर पुढचं सगळं आयुष्य खिडक्यांपुढे रांगेत जाईल.

स्पॅनरकाका

+१. आणि सीट उचललीच आहे तर बॅटरीची जागाही बघा, तिथेच उजव्या बाजूला असते. ॲसिडने खालचा पत्रा तिथूनच जातो. चाचणीसाठी बॅटरी नेणार असाल तर येताना ती गाडीत लावून ठेवू नका. सीटच्या स्प्रिंगा दबून बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि वरचं भरण पेट घेतं, बीटलमध्ये हे नवं नाही.

गंजमित्र

गाडी आली! आता सविस्तर.

नंबर आधी. मागची सीट उचलली तर खाली उंदरांनी सीटच्याच भरणाचं घर केलेलं, ते बाहेर काढलं. बोगद्यावर नुसता तपकिरी थर. तारेच्या ब्रशने आडवं घासलं तेव्हा एक सात दिसला, मग हळूहळू बाकीचे. शेवटचे दोन आकडे खडू चोळून वाचले. कागदाशी जुळले. कागदीघोडा, तुमचे आभार. बॅटरीखालच्या पत्र्यातून मात्र शेडची जमीन दिसते.

जाम चाक निशाताईंनी सांगितलं तसंच निघालं. हँडब्रेकच्या केबलचे नट सोडून काही झालं नाही. ॲडजस्टरची भोकं चिखलाने बुजलेली, ती खिळ्याने कोरली. एक दातेरी चाक फिरलं, दुसरं हलेना. तेल मारून चहा घेऊन आलो, पुन्हा लावलं तर जरासं सरकलं. मग ड्रमच्या कडेने हातोडी वाजवत गेलो आणि आवाज खरोखर बदलला. चाक हाताने फिरलं, कुरकुरत, पण फिरलं.

पुढे उसनी चाकं लावली. मागच्या दोन टायरमध्ये छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली, ती धरून राहिली. स्टिअरिंग सीटच्या पायाला बांधलं. दोर मागच्या ॲक्सलना. फळ्यांमुळे नळ्या टेकल्या नाहीत, पण मध्ये बोटभरच अंतर होतं. चढउतार, चाकं वळण्याचं तुम्ही बोललात ते दारात दिसलं. पट्टा बांधलेला असूनही स्टिअरिंग जितकं ढिलं आहे तितकी चाकं वळलीच, मधे थांबून सरळ केली.

ट्रेलरच्या शेपटाखाली दोन्ही बाजूंना ओंडके लावले होते. गाडी रॅम्पवरून चढत असताना सगळं वजन ट्रेलरच्या मागच्या टोकावर येतं आणि ओंडके नसते तर माझ्या गाडीची मागची चाकं उचलली गेली असती. हे इथे कुणी लिहिलं नव्हतं, मालकांनी सांगितलं. त्यांनी तरुणपणी ट्रॅक्टर वाहिले आहेत.

आता हिशेबनीस. नजरेने बरोबर वाटेल तिथे गाडी उभी केली आणि काटा लावला : ४५. गाडी साधारण वीतभर पुढे घेतली, म्हणजे हिचकडे, तर ८० ला येऊन थांबला. रिकाम्या ट्रेलरचे स्वतःचे २० होतेच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच दिसत होत्या.

मालकांनी सुट्या भागांचे डबे दिले : दोन कार्ब्युरेटर, एक जनरेटर, हेडलाइटच्या कड्या, आणि कशाचे ते अजून कळलं नाही असे बरेच बोल्ट. हे बीटलमध्ये टाकले असते तर काट्यावरचा आकडा पुन्हा बदलला असता, म्हणून माझ्या गाडीत घेतले.

गाडी उलटी असल्यामुळे बॉनेट वाऱ्याच्या पाठीला, ते बरंच झालं, त्याचं कुलूप नावालाच आहे. पण दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असल्याने उलट्या गाडीत दार उघडलं तर वारा ते पकडतो. म्हणून दोन्ही दारांच्या आतल्या मुठी एका पट्ट्याने एकमेकींना बांधल्या. इंजिनाचं झाकणही बांधलं.

पहिल्या थांब्यावर मागचा एक पट्टा बोटांनी हलत होता. उसन्या चाकातली हवा कमी झालेली. रॅचेट सैल केलं, हवा भरली, पुन्हा ताणला. पुढच्या प्रत्येक थांब्यावर त्याच चाकाकडे आधी गेलो. वेग ८० च्या आतच ठेवला. ट्रेलर झुलला नाही, एकदाही नाही. मोठे ट्रक बाजूने गेले की फक्त एक हलकासा धक्का.

दोरीवाला

मान गये. पण वेळ किती गेला असेल!

गंजमित्र

बांधाबांधीत गेला, रस्त्यावर नाही.

नवशिका_पाना

उतरवताना वेगळं काही? मलाही एक आणायची आहे, माझी इंजिन पुढे असलेली आहे.

चढउतार

इंजिन पुढे असेल तर तोंड पुढे, बाकी काटा सांगेल. उतरवताना ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही. ओढणाऱ्या गाडीचा हँडब्रेक, चाकांना पाचर, ट्रेलरच्या शेपटाखाली ओंडके, हे सगळं झाल्यावरच पट्टे. सगळे पट्टे एकदम सोडू नका. आधी विंचचा दोर ताणून घ्या, मग पट्टे, मग दोराने हळूहळू खाली. उतारावर उतरवत असाल तर बंद गाडी थांबवायला त्या दोराशिवाय काही नाही.

आणि घरी कुठे उभी करणार ते आधी ठरवा. जिच्यावर काम करायचं ती भिंतीला तोंड लावून उभी राहिली की तिथेच राहते.

निशा_वंगणवाली

गंजमित्र, इंजिन? स्टार्टर मारला नाहीत ना अजून?

गंजमित्र

नाही. जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशचा वास येतो. चारही प्लग काढून भोकांत तेल सोडलंय आणि तसंच ठेवलंय. आज जनरेटरच्या पुलीच्या नटावर २१ चा पाना लावून, पंख्याचा पट्टा (बेल्ट) दाबून, फिरवून पाहिलं. थोडं गेलं आणि अडलं. उलट फिरवलं, तिकडेही तेवढंच. जोर केला नाही. पंख्याच्या आवरणात हात जाईल तेवढा घातला तर तिथेही उंदराचं घर लागलं, काही बाहेर आलं, काही आत आहे. बहुतेक अडतंय ते पंख्यालाच. आवरण उचलायला इंजिन खाली काढलेलं बरं, असं दिसतंय.

स्पॅनरकाका

काढाच. चार बोल्ट, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबल, पेट्रोलचा होज, तारा. खाली जॅक नीट हवा. पण तो वेगळा धागा काढा, इथे ट्रेलरचंच राहू द्या, शोधणाऱ्याला सापडेल.

गंजमित्र

काढतो. फरशीच्या पत्र्यांचाही त्यातच घेऊ. वाचनमात्र, फोटो तिकडे टाकतो, नंबर झाकून.